कडा सोडून पोहणं

आमची अयोध्या ट्रायथलॉन करते असं सांगितलं की समोरचा माणूस आधी मला खालून वर बघतो, मग विचारतो, "म्हणजे काय असतंय?" मी सांगते, आधी तलावात पोहायचं, बाहेर निघालं की ओल्या अंगानं सायकल मारायची, अन् सायकल टाकली की पळत सुटायचं. मधी थांबणं न्हाई, चहा न्हाई, कुणाशी बोलणं न्हाई. मग तो माणूस म्हणतो, "कशापायी?" इथं माझं डोकं फिरतं. तुम्ही सकाळपासून पानटपरीवर बसून राहिलात ते कशापायी, असं मी विचारलं का कुणाला?

मी मंजुळा. अयोध्या माझी धाकटी जाऊ, मला अक्का म्हणते. गाव आमचं रेणापूरजवळ, पण आम्ही दोघी लातुरात मेस चालवतो. डॉक्टर व्हायचं म्हणून गावोगावची पोरं-पोरी इथं क्लासला येतात, त्यांला दोन टाइम जेवण लागतं. माझे मालक गावाकडं शेत बघतात. अयोध्याचे मालक, म्हणजे माझे दीर रामलिंगभाऊजी, पिकअप चालवतात अन् मेसचा भाजीपाला आणतात. माणूस चांगला, कष्टाळू, पण भित्रा. चोराला न्हाई भेत, लोकांला भेतो. लोक काय म्हणतील ते त्यांला लोकांच्या आधी ऐकू येतं.

हे सगळं सुरू झालं शुगरपासून. डॉक्टरनं अयोध्याला सांगितलं, शुगर काठावर आली, रोज चालत जा. दुसरी असती तर आठवडाभर चालून गुडघे दुखतात म्हणून बसली असती. ही चालायला लागली ती थांबेच ना. क्रीडा संकुलाच्या मैदानावर बाया गप्पा मारत फेऱ्या घालायच्या, ही त्यांच्या बाजूनं पळत निघून जायची. चप्पल गेली, बूट आले. साडी गेली, पंजाबी ड्रेस आला. तिथंच तिला उज्वला मॅडम भेटल्या. बँकेत नोकरी, वय पन्नाशीचं, अंगानं काडी, पण पुण्या-कोल्हापूरला जाऊन असल्या शर्यती करून आलेल्या.

"पळतेस चांगली," मॅडम म्हणाल्या. "सायकल येते?"

"येते की. शाळेला सायकलवरच जायचे."

"अन् पोहता येतं?"

"हाव. विहिरीत शिकलेय."

झालं! मॅडमला अख्ख्या लातुरात तिन्ही येणारी बाई सापडत नव्हती. पळणाऱ्या होत्या, सायकलवाल्या होत्या, पण पाण्याचं नाव काढलं की सगळ्या मागं सरकायच्या. अन् तिकडं नांदेडच्या काही हौशी डॉक्टर-मास्तर लोकांनी मिळून कंधारकडच्या एका तलावावर शर्यत सुरू केली होती. छोटी म्हणायची ती. साडेसातशे मीटर पोहणं, वीस किलोमीटर सायकल, पाच किलोमीटर पळणं. पहिले नंबर काढणारे वेगळे, बाकीच्यांनी नुसती वेळेत पुरी केली तरी मेडल. अठरा वर्षांच्या पुढं कुणीबी नाव द्यावं. पुण्याला जायला नको, मुक्काम नको, पहाटे निघालं तर संध्याकाळच्या पोळ्यांला घरी. अयोध्यानं त्याच दिवशी नाव दिलं अन् मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. मी म्हणलं, "बाई, तुला येड लागलं." ती म्हणाली, "लागू द्या."

पहिल्या साली आम्ही सगळं खानदान घेऊन गेलो. पिकअपमधी सायकल, धपाट्यांचा डबा, सासरे, लेकरं, सगळं. शिट्टी वाजली अन् माणसं धडाधडा पाण्यात शिरली. बायांच्या डोक्यावर गुलाबी टोप्या होत्या. थोडा वेळ आमची टोपी सगळ्यांच्या संगं दिसली. मग ती डाव्या अंगाला सरकली. आम्हाला वाटलं, गर्दी टाळून राहिली. मग अजून डावीकडं. सगळी माणसं रस्ता दाखवायला पाण्यावर सोडलेल्या केशरी फुग्याकडं चाललेली, अन् आमची बाई एकटीच बेशरमाच्या झुडपांकडं! काठावरून लोक ओरडून ओरडून बेजार, पण पाण्यात तोंड घातलेल्या माणसाला काय ऐकू येतंय? झुडपांजवळ तिनं मान वर काढली, गांगरली, मागं फिरली, अन् परत डावीकडंच. शेवटी राखणीवरची होडी गेली. तिनं होडी धरली, अन् धरली म्हणजे आपलं संपलं असं समजून वर चढली. काठाला आणली तर तिचे ओठ निळे अन् रामलिंगभाऊजींचं तोंड पांढरं फटक.

कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढून भावकीच्या ग्रुपवर टाकला. आप्पासाहेब म्हणून आमचा एक चुलत दीर हाय, चार पायऱ्या चढला की धापा टाकतो, त्यानं खाली लिहिलं, "आमच्या वहिनी बेशरमात." त्याच्याखाली ही हसणारी तोंडं! मी त्याला फोन लावून जे बोलले ते चारचौघांत सांगण्यासारखं न्हाई. पण एवढं खरं की त्यानंतर तो मेसच्या रस्त्यानं जात न्हाई.

भाऊजी मात्र हसले न्हाईत. पाचव्या दिवशी भाजीच्या टोपल्या उतरवून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. अयोध्या पोळ्या लाटत होती, मी भाजत होते.

"पळ, सायकल चालव, मी कधी आडवा आलो का?" ते म्हणाले. "पण पाण्यात जायचं न्हाई आता."

"कामून?"

"कामून काय? होडीत पडली होतीस, मला वाटलं गेलीस."

ते ऐकून मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. पण अयोध्याचं लाटणं थांबलं न्हाई. ती म्हणाली, "अजून एक डाव जाऊ द्या. त्या बारीला होडीत बसून काठाला आले, तर पुन्हा पाण्याचं नाव काढणार न्हाई. सायकल बी देऊन टाका कुणाला."

"शब्द?"

"शब्द."

भाऊजी गेल्यावर मी तिच्यावर असली चिडले! कुणी मागितला होता शब्द? चार दिवसांनी आपसूक निवळले असते भाऊजी, आजवर निवळलेच की. पण अयोध्यानं दिलेला शब्द म्हणजे दगडावरची रेघ. माझी जाऊ हाय, मला ठाऊक हाय. होडीत बसली असती तर तिनं सायकल खरंच देऊन टाकली असती, अन् वर पुन्हा हसून पोळ्या लाटत बसली असती. त्या हसण्याचीच मला लई धास्ती वाटायची.

मग काय, कंबर कसली बाईनं. पहाटे उठून कणीक मळून ठेवायची, वरून ओलं फडकं झाकायचं अन् जायचं. एक दिवस रेणापूर रोडला सायकल, एक दिवस पळणं, एक दिवस पोहायची टाकी. टाकीवर बायांसाठी वेगळा टाइम होता, तिथं ती अन् मॅडम दोघीच. अंगावर पायाच्या घोट्यापर्यंतचा पोहायचा ड्रेस. शेजारच्या एका बाईनं मला विचारलं, "तुमची जाऊ तसले कपडे घालती म्हणं?" मी म्हणलं, "हाव, साडी नेसून बुडण्यापेक्षा बरं." मॅडमचं म्हणणं, हिला दम कमी पडतो, दम वाढवला पाहिजे. म्हणून ही टाकीत इकडून तिकडं, तिकडून इकडं. टाकीत अगदी सरळ जायची, सुतात. मग तलावात काय होतं, कुणालाच कळेना.

ते कळलं उन्हाळ्यात, तिच्या माहेरी. माहेर तिचं देवणीकडं. चुलत बहिणीचं लग्न होतं, आम्ही दोघी गेलो होतो. दुपारच्याला शेतातल्या विहिरीत गावातल्या पोरी पोहत होत्या, पाठीला रिकामे डबे बांधून. तिचे वडील भगवानराव काठावर बसून दम देऊन राहिले, "कडा सोडू नका गं! उजव्या हाताला कडा!" त्या विहिरीत मधोमध मोटारीचा पाइप अन् दोर सोडलेला, म्हणून मधून कुणी जायचं न्हाई. कडेकडेनं गोल फिरायचं, कडा कायम उजव्या हाताला, म्हणजे दम लागला की पटकन दगड धरता येतो. तिथं आजीपासून नातीपर्यंत सगळ्या अशाच शिकलेल्या.

अयोध्या बघत होती. बघता बघता तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"अक्का, बघा तरी! सगळ्या पोरी डावीकडंच वळून राहिल्या."

"मग? विहीर गोल हाय, काय करतील बिचाऱ्या?"

"अवं, मी बी तेच करते! टाकीत तळाला काळा पट्टा असतो, त्याच्यावरून जाते म्हणून सरळ. तलावात पट्टा बी न्हाई अन् कडा बी न्हाई, तरी मी वळतेच. माझ्या हाताला तेच वळण हाय."

मी हसायला लागले, तिला मात्र रडू आलं. इतके महिने दमाच्या नावानं घासली होती बिचारी. भगवानरावांला सांगितलं तर म्हातारा उखडला. "माझ्या शिकवण्यात खोट काढतीस? ह्या विहिरीत आजवर एक लेकरू बुडालं न्हाई!" ते बी खरंच. त्यांनी पोरीला मरू नये म्हणून शिकवलं होतं, शर्यतीसाठी न्हाई. अयोध्या संध्याकाळी बापाच्या पाया पडली अन् आम्ही निघालो.

मॅडमनी उपाय सांगितला. चार-सहा हात मारले की मान वर काढायची, समोर लांबची एखादी उंच वस्तू हेरायची अन् तिच्यावर जायचं. फुगा पाण्यावर बुटका असतो, लाटेत दिसत न्हाई. म्हणून झाड, टाकी, देवळाचं शिखर असलं काहीतरी बघायचं. आमच्या गावाजवळ एक साठवण तलाव हाय, तिथं हे शिकायचं ठरलं. पण त्याच्या बांधावर ना झाड ना देऊळ. म्हणून मला उभं केलं! लाल लुगडं नेसून मी बांधावर खांबासारखी उभी, अन् ही पलीकडून माझ्याकडं पोहत येणार. दर रविवारी हाच धंदा. भाऊजी पिकअपमधून आम्हाला आणून सोडायचे अन् स्वतः पाण्याकडं पाठ करून बसायचे. पण कधी यायचं टाळलं न्हाई.

सुरुवातीला बाई माझ्यापासून पार लांब, डावीकडं निघायची. मी वरून बोंबलायचे, "अगं म्हशे, मी इथं हाय, तिकडं कुठं चाललीस?" तिला ऐकू जायचं न्हाई, मला बोलल्याचं समाधान. वळण म्हणजे काय एका दिवसात जातंय? मान वर काढायची, बघायची, चुकलेलं दिसायचं, परत उजवीकडं घ्यायची. पावसाळा गेला, दिवाळी गेली, थंडी पडली. मग एका रविवारी ती पाण्यातून थेट माझ्या पायापाशी निघाली. मी इतकी खूश झाले की लुगड्यासकट तिला मिठी मारली अन् वल्ली होऊन घरी आले.

शर्यतीच्या दिवशी मी तेच लुगडं नेसून गेले. अन् बघते तर काय, फुगे ह्या बारीला भलत्याच बाजूला लावलेले! एका अंगाला शेवाळ लई झालं म्हणून त्यांनी रस्ताच फिरवला होता. बघणाऱ्यांला दोरीच्या अलीकडं उभं करून राहिले, बांधावर कुणालाच सोडेनात. मी तिथल्या पोराशी भांडले, "माझ्या जावेला मी दिसले पाहिजे!" त्याला काही समजेना. अयोध्याच आली, माझा हात धरला.

"अक्का, राहू द्या. तुम्ही तरी किती तलावांच्या काठी उभ्या राहणार? ते बघा, तिकडं मोबाइलचा टॉवर हाय. मी त्याच्यावर जाते."

हात गार पडले होते तिचे, पण बोलणं असं की जसं बाजारात वांगी कुठली घ्यायची ते सांगून राहिली. भाऊजी तिच्याजवळ गेले, तिच्या टोपीची कड नीट करून मागं आले.

शिट्टी झाली. ह्या बारीला आमची गुलाबी टोपी सगळ्यांच्या मागं होती, पण सरळ होती. मान वर, परत खाली. मान वर, परत खाली. टॉवरच्या दिशेनं अशी चालली होती की मी देवाचं नाव घ्यायचं सोडून आप्पासाहेबाला शिव्या देऊन राहिले. फुग्याला वळसा घातला. अर्धं झालं!

पण परत येताना टॉवर पाठीमागं गेला अन् उगवता सूर्य नेमका तोंडावर. आम्ही काठावर उन्हाकडं पाठ करून उभे, तरी मागं वळलं की डोळे दिपत होते, तिला पाण्यातून काय दिसणार? टोपी हलली. डावीकडं. मान वर काढली, परत खाली, अजून डावीकडं. बाकीची माणसं एकेक करून बाहेर निघून राहिली, सायकली घेऊन पळून राहिली. पाण्यात मोजकीच डोकी उरली. एक होडी हळूच तिच्याकडं वळली. होडीतल्या माणसानं वाकून काहीतरी विचारलं. अन् तिनं हात वर केला अन् होडी धरली.

"झालं," भाऊजी म्हणाले. खाली ठेवलेला टॉवेल उचलला, स्वेटर उचलला. "वहिनी, तिला घेऊन या. मी पिकअप काढतो." अन् गर्दीतून निघून गेले.

मला वाटलं, पाण्यात शिरावं अन् तिला तिथंच दोन झापडा माराव्या. का गं बाई? एवढं सगळं केलंस, बापाचा राग घेतलास, सालभर कणीक मळून पळालीस, अन् परत धरलीस होडी? मग राग बी गेला अन् नुसतं वाईट वाटायला लागलं. आता घरी गेल्यावर ती हसणार, ते हसणं मला बघावं लागणार.

होडी तिथंच थांबली होती. ती बी तिथंच, हात वर, डोकं पाण्याबाहेर. चढेना काही. होडीतला माणूस बी तिला ओढेना. ती मान इकडं तिकडं करून काठ बघून राहिली होती, अगदी सावकाश. मग तिनं हात सोडला.

मी म्हणलं, बुडाली! तर न्हाई. तोंड पाण्यात, एक हात, दुसरा हात. होडी मागंच राहिली अन् टोपी आमच्याकडं यायला लागली. नीट, सरळ. मला नंतर कळलं की होडीला धरून दम खायला परवानगी असते, होडी पुढं सरकली न्हाई म्हणजे झालं. गेल्या बारीला हे तिला ठाऊकच नव्हतं. ह्या बारीला तिनं मॅडमकडून सगळे नियम वाचून घेतले होते. पण तेव्हा मला कुठं काय माहीत? मी नुसती ओरडत होते. काय ओरडले आठवत न्हाई. घड्याळवाला माणूस पाण्याच्या कडेला येऊन उभा होता, एकदा घड्याळ बघायचा, एकदा तिला. ती गुडघ्यावर बाहेर आली, उठली, हेलपाटली, परत उठली. तो ओरडला, "ताई, वेळ आहे, पळा!"

माझ्या अंगावरनं ती पळत गेली. बघितलं बी न्हाई माझ्याकडं. हेल्मेट घातलं, सायकल काढली अन् गेली. मी तिथं चिखलात बसून हमसून हमसून रडले. कुणाला काय वाटायचं ते वाटो.

बऱ्याच वेळानं भाऊजी आले. पिकअप रस्त्यापर्यंत आणून, मागं सतरंजी टाकून, ब्लँकेट काढून ठेवून आले होते.

"कुठं हाय ती?"

"गेली."

"कुठं गेली?"

"सायकलवर. कुठं म्हणजे काय?"

"अवं वहिनी, होडीत होती ना?"

"धरली होती होडी. बसली नव्हती."

त्यांनी रिकाम्या तलावाकडं बघितलं. होडी काठाला लागत होती, आत फक्त तो माणूस. पहिल्यांदाच त्यांला मी पाण्याकडं एवढा वेळ बघताना बघितलं. मग टॉवेल खांद्यावर टाकला अन् शेवटच्या गेटाकडं चालायला लागले. मी मागनं.

सायकलवर तिनं दोघातिघांला मागं टाकलं म्हणं. पण पळताना पोटऱ्यात गोळे आले. एकेक जण येत होता, गळ्यात मेडल घालून पोह्यांकडं जात होता. ऊन चढलं. वेळ अजून शिल्लक होता, पण गर्दी पांगली. सकाळपासून वाजणारा भोंगा बंद झाला. मंडपवाल्याची माणसं खुर्च्या गोळा करायला लागली. शेवटचं गेट म्हणजे हवा भरलेली मोठी कमान होती, तिला हवेची मोटार लावलेली, ती बंद झाली की कमान खाली बसणार. एक माणूस आला अन् मोटारीची पिन काढायला खाली वाकला.

"ए! हात लावू नको त्याला!"

भाऊजी ओरडले. आमचे भाऊजी. चारचौघांत बायकोचा विषय निघाला तर जास्तीत जास्त 'घरचे' म्हणणारा माणूस तो, अन् तेबी खाली बघून.

"थांब म्हणलं ना! माझी बायको अजून रस्त्यावर हाय!"

पोहे खाणारी माणसं वळून बघायला लागली. मंडपवाला म्हणाला, "काका, लई उशीर झाला, आम्हाला दुसरीकडं जायचं हाय." भाऊजींनी ऐकलं न्हाई. कमानीपाशी जाऊन मोटारीवर पाय ठेवून उभे राहिले, दोन्ही हातांत टॉवेल धरून, रस्त्याकडं तोंड करून. लोक बघून राहिले होते अन् ते हटेनात.

अयोध्या लंगडत आली तेव्हा कमान उभी होती.